उंच बॉनेटची महिंद्र जीप: रंग नंतर बघा, आधी गाडीखाली शिरा

जुनी पेट्रोल जीप विकायला काढली की बेळगाव-खानापूर भागात गिऱ्हाइकाला आधी दोन गोष्टी दाखवतात: ताजा लष्करी हिरवा रंग आणि रुंद टायर. या दोन्हींवरून गाडीची परीक्षा होत नाही. या गाडीचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे रोग जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या आत असतात. म्हणून बघायला जाताना ताडपत्री, टॉर्च, जॅक आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन जा. गाडीखाली झोपू न देणाऱ्या मालकाकडून ही गाडी घेऊ नये, एवढं सरळ आहे.

आपण बोलतोय ती सीजे-३बी. विलिज कंपनीनं ती १९५३ साली अमेरिकेत आणली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप: दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला नांगर, पट्टा आणि ट्रेलर जोडून शेतकऱ्याच्या दारात उभी केली ती. महिंद्रनं १९४७ पासून मुंबईत विलिज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली आणि हे उंच बॉनेटचं रूप पुढं कित्येक वर्षं आपल्याकडं बनत राहिलं. अमेरिकेत ते १९६८ ला थांबलं. जपानमध्ये मित्सुबिशीनं याच घराण्यातली जीप १९९८ पर्यंत बनवली. इतका टिकलेला आराखडा उगीच टिकत नाही.

आता बॉनेट उंच का, ते बघू, कारण गाडीचा स्वभाव तिथंच कळतो. युद्धातल्या जीपच्या इंजिनात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलेंडरच्या शेजारी होते. विलिजनं ब्लॉकची मूळ बांधणी तीच ठेवली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहू दिले आणि इनटेक व्हॉल्व्ह तेवढे वर हेडमध्ये नेले. त्यामुळं जास्त हवा आत जाऊ लागली, ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं. जुनं बॉनेट त्यावर बसेना. मग मडगार्ड तशीच ठेवून बॉनेट वर उचललं. काही लोकांना हे रूप बेढब वाटतं. आम्हाला ते प्रामाणिक वाटतं: आत जे आहे तेच बाहेर दिसतं. शिवाय त्या उंचीमुळं इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात सहज जातो, मडगार्डवर बसून कार्बोरेटर उघडता येतो, आणि पाना खाली पडला तर तो सरळ जमिनीवर पडतो, कुठं अडकत नाही.

इंजिन २१९९ सीसी, चार सिलेंडर. बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११.१, म्हणजे पिस्टन बारीक आणि धाव लांब. ताकद मिनिटाला ४००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती. पण महत्त्वाचा आकडा दुसरा आहे: सुमारे १५५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), तोही २००० फेऱ्यांनाच. हे इंजिन पळवायचं नसतं, ओढायला लावायचं असतं. डिफरन्शियलचं (चाकांच्या मधल्या गिअरचं) प्रमाण ५.३८, पहिला गिअर २.८०, लो रेंज (चिखल-चढासाठीचा जादा सावकाश पल्ला) २.४६, तिन्ही गुणले की ३७ येतात. मूळ ६.००-१६ टायरवर इंजिन हजार फेऱ्यांवर ठेवलं तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरनं, म्हणजे बैलाच्या चालीनं जाते, आणि तीही पाय ॲक्सिलरेटरवर जवळजवळ न ठेवता. जांबोटी-कणकुंबीकडच्या पाणंदीत, जूनच्या तांबड्या चिखलात याची किंमत कळते. चाक गरगरत नाही, माती उकरत नाही, नुसतं धरून पुढं सरकतं.

हाच हिशेब उलटा मांडला तर गाडीची मर्यादाही दिसते. ताशी ६० ला इंजिन २४०० फेऱ्यांवर असतं, ८० ला ३२०० वर. लांब स्ट्रोकच्या इंजिनाला तासन्‌तास एवढ्या फेऱ्या सोसत नाहीत. निपाणीहून हायवेनं रोज बेळगावला ये-जा करायची असेल तर ही गाडी घेऊ नका. ताशी ५५ ते ६० ही तिची सुखाची चाल, आणि लिटरला आठ-दहा किलोमीटर हे तिचं सरासरी खाणं. टाकी साधारण ४० लिटरची, ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलून टाकीचा तळ नक्की बघा. तिथं पाणी साचून पत्रा चाळणी झालेला असतो.

आता रोगांकडं. पहिला आणि सगळ्यात महाग रोग म्हणजे जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि त्याचं कारण आळस. इनटेकचे चार टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, यांची फट लावावी लागते) वर रॉकर कव्हरखाली आहेत. कव्हर काढलं की पाच मिनिटांत गेज लागतो. एक्झॉस्टचे चार मात्र ब्लॉकच्या कुशीत, डाव्या बाजूच्या झाकणाआड, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली. तिथं हात भाजतो, दिसत नाही, दोन बारीक पाने एकदम धरावे लागतात. त्यामुळं बरेच मेस्त्री वरचे चार लावून ‘टॅपेट झाले’ म्हणून सांगतात. खालच्या व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे बैठका, झिजत जातात, फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि कडा जळते. इंजिन थंड असताना इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच फट हवी. गाडी घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलेंडरला १२० च्या आसपास पीएसआय दाब मिळतो. पण आकड्यापेक्षा फरक बघा. चारांत दहापेक्षा जास्त तफावत असेल तर विचारा, का. एकाच सिलेंडरला कमी आणि तिथं चमचाभर ऑइल सोडूनही तेवढंच राहिलं, तर दोष व्हॉल्व्हचा. ऑइल टाकल्यावर वाढलं, तर पिस्टन रिंगांचा.

रिंग आणि बोअरचं काम निघालं तर बेळगावकरांनी घाबरू नये. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉपची जी वस्ती आहे, तिथल्या माणसांना हा ओतीव लोखंडाचा साधा ब्लॉक म्हणजे रोजचं काम आहे. ०.०१० ते ०.०४० इंचापर्यंत मोठे पिस्टन मिळतात, त्यापुढं सिलेंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकतात. बोअर करून झाल्यावर मोजमाप स्वतः बघा: तोंडाशी, मध्ये आणि तळाशी, आडवं-उभं दोन्ही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगची फट ०.०३० इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.०२०. एवढे आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा, रात्री रस्त्यात उपयोगी पडतात.

क्लच घसरतो म्हणून प्लेट बदलली आणि सहा महिन्यांत पुन्हा घसरला, अशी तक्रार या गाडीबद्दल सारखी ऐकू येते. दोष प्लेटचा नसतो. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपतं आणि प्लेटवर येतं. बेल हाउसिंगच्या तळाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आलेलं ऑइल तिथून खाली गळावं म्हणून. रंगवलेल्या गाडीत ते भोक रंगानं किंवा चिखलानं बुजलेलं असतं. घ्यायला गेलात की तारेनं ते मोकळं करा, इंजिन दहा मिनिटं चालवा, मग खाली बोट लावून बघा.

गिअरबॉक्सला तीन गिअर. पहिल्याला सिंक्रो (दातांचा वेग जुळवणारी रिंग) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये. टाकायचाच असेल तर डबल क्लच, म्हणजे मध्ये न्यूट्रलला आणून क्लच दोनदा दाबायचा. दात खाल्लेला पहिला गिअर हा चालवणाऱ्याचा दोष, गाडीचा नाही. दुसऱ्या गिअरवर उतारानं सोडून पाय काढून बघा. लिव्हर उडून न्यूट्रलला आली तर सिंक्रो आणि शाफ्टचा शेवट जवळ आलाय.

त्याच्या मागं ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा. हा या गाडीचा खरा जीव. मागच्या प्रोपेलरची (ताकद चाकांकडं नेणाऱ्या शाफ्टची) ओळ एका बाजूला सरकवून ठेवल्यामुळं केसमध्ये हाय रेंजलाही थेट मार्ग मिळत नाही, सगळं दातऱ्यांतूनच जातं. त्यामुळं गुणगुण असते, ती जायची नाही. गुणगुण निराळी आणि खरखर निराळी. खरखर येत असेल तर मधला शाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगच्या सुया झिजल्यात. हा शाफ्ट केसच्या भोकात झिजून सैल होतो, मग कितीही पॅकिंग लावा, ऑइल गळतंच. केस उघडून भोक मोजल्याशिवाय नुसतं सील बदलण्यात पैसे घालू नका.

ऑइल साधं ९० नंबरचं. गिअरबॉक्सला सुमारे १.४ लिटर, ट्रान्सफर केसला १.५, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला साधारण १.२ लिटर. जीएल-४ प्रतीचंच घ्या, कारण सिंक्रोच्या रिंगा पितळी आहेत आणि जीएल-५ मधले काही रासायनिक घटक पितळेला खातात. दोन्ही केस एकमेकींना चिकटून आहेत आणि मधल्या बेअरिंगमधून ऑइल इकडून तिकडं सरकतं. त्यामुळं पातळी बघायची तर दोन्ही प्लग एकाच वेळी उघडून बघा. एकीत कमी, दुसरीत जास्त, हे या गाडीत नेहमीचं; एकीतलं कमी बघून घाबरून भरत बसलात तर दुसरीतून सीलावाटे बाहेर येतं.

आणि ते बाहेर येतं कुठं? हँडब्रेकवर. या जीपचा हँडब्रेक चाकांना नाही, ट्रान्सफर केसच्या मागं प्रोपेलर शाफ्टवरच्या एका ड्रमला लागतो. कल्पना हुशारीची आहे: शाफ्टला धरलं की डिफरन्शियलच्या प्रमाणानं ती पकड पाचपटीच्यावर वाढून चाकांना मिळते. पण मागचं सील गळू लागलं की ऑइल नेमकं त्या लायनिंगवर. चोर्ला घाटात गाडी उभी करायची वेळ आली तर असा हँडब्रेक कागदावरच असतो. चाकामागं दगड लावा, आणि लायनिंग बदलण्याआधी सील बदला, उलट क्रमानं नाही.

मूळ फूटब्रेक नऊ इंची ड्रमचे आणि एकाच सर्किटचे. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. मास्टर सिलेंडर पायाखाली चेसिसला आहे, म्हणजे ओढ्यातलं पाणी आणि चिखल थेट त्याच्या अंगावर. ब्रेक ऑइलच्या टोपीचं भोक बुजलेलं असतं किंवा टोपीतून पाणी आत गेलेलं असतं. दोन्हीकडं लक्ष ठेवा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, आणि खानापूर तालुक्यात पावसाळ्यात ओढे ओलांडल्याशिवाय शेत गाठता येत नाही. पाण्यातून बाहेर आलात की शंभरेक मीटर ब्रेक हलका दाबून चालवा, लायनिंग सुकू द्या. ओल्या ड्रमवर पहिला ब्रेक लागतच नाही, आणि दुसरा एका बाजूला ओढतो. रिझर्व्ह ब्रेक म्हणून दोन सर्किटचं मास्टर सिलेंडर बसवून घेणं हा मूळपणा बिघडवणारा बदल आहे, पण आम्ही तो करायलाच सांगू. माणसं बसवणार असाल तर मूळपणाचा हट्ट नको.

पुढच्या ॲक्सलला बंद गोळे आहेत. चाकामागची ती दोन गुळगुळीत अर्धगोल टोकं. गोळ्यावर नमदा आणि रबराचं सील घासत फिरतं. गोळा चकचकीत असला पाहिजे. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिन्याभरात फाटणार. आतलं ग्रीस बोटावर घेऊन बघा: काळं असेल तर ठीक, पांढरट ताकासारखं असेल तर पाणी शिरलंय आणि बेअरिंगं गेली असं धरून भाव करा. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ आला तर किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या पिनच्या) बेअरिंगची शिम, म्हणजे पातळ चकती, काढून तो बसवता येतो. हे काम महाग नाही, पण कुणी मनावर घेत नाही. मग ताशी पन्नासला खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक टायर बदलतात. पुढं मधोमध बेलक्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडं वळवणारा तुकडा) असलेल्या गाडीत त्याची पिन आणि बुश सगळ्यात आधी तपासा.

पाण्यातून गेल्यावर ॲक्सलच्या हाउसिंगवरचं श्वासछिद्र मोकळं आहे का बघा. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. छिद्र बुजलेलं असेल तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं. गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी तळाला बसतं. सकाळी खालचा प्लग हळूच सैल करा, पाणी असेल तर आधी तेच येतं.

चाक काढायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डाव्या बाजूच्या चाकांचे नट मूळ गाडीत उलट्या आट्यांचे आहेत. न कळता पाइप लावून ‘सोडवायला’ गेलात की ते आणखी घट्ट होतात आणि स्टड तुटतो. बोल्टच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर असेल तर उलटा. कुणी सगळे बोल्ट बदलून सरळ केले असतील तर ते आधीच विचारून घ्या.

फोर व्हील खरंच चालतं का हे विकणाऱ्याच्या बोलण्यावर सोडू नका. बऱ्याच जीपांत पुढचा प्रोपेलर कधीच काढून ठेवलेला असतो, लिव्हर तेवढी उभी. मातीवर नेऊन फोर व्हील टाका आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. गाडी अडखळल्यासारखी जड झाली तर पुढचा ॲक्सल जोडला जातोय. डांबरावर ही चाचणी करू नका आणि डांबरावर फोर व्हील ठेवूनही फिरू नका. पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण निघायला जागा मिळत नाही आणि प्रोपेलरचा क्रॉस किंवा गिअरचे दात तुटतात.

चेसिससाठी हातोडी लागते. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्स जिथं बसतो तिथं आणि ट्रान्सफर केसच्या मागच्या आडव्या पट्टीपाशी हलकेच ठोका. खणखणीत आवाज हवा. भदभदीत आला तर आतून सडलंय, वरून कितीही जाड रंग असो. बॉडीच्या फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत ओला चिखल वर्षानुवर्षं राहतो, पत्रा तिथूनच कुजतो. बॉडीचा पत्रा मात्र सपाट आणि साधा; चांगला डेंटर नवा फ्लोअर करून देतो. म्हणून बॉडी कुजलेली चालेल, चेसिस कुजलेली नको.

पेट्रोलबद्दल. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. ऊस लावणाऱ्याला ते बरं, पण जुन्या जीपच्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्यानं फुगतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते ओल ओढतं. पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, टाकीनंतर काचेचा फिल्टर लावा, आणि महिनाभर गाडी उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटरचा वाडगा रिकामा करा. मे महिन्यात गाडी गरम असताना बंद पडून पुन्हा चालूच होत नसेल तर प्लग काढत बसू नका. पंप एक्झॉस्टच्या बाजूलाच आहे, पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं पंपावर टाका, दहा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणून पंप आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

डिझेल इंजिन टाकलेल्या जीपा सीमाभागात खूप आहेत. खर्चाला परवडतात, हे खरं. पण पुढं वजन वाढून पाटे बसतात, आणि डिझेलचे ठोके त्या तीन गिअरच्या बॉक्सला सोसत नाहीत. उसाच्या बांधावर रोज राबवायची असेल तर मूळचीच डिझेल मॉडेल बघा. पेट्रोलवरून बदललेली नको.

घ्यावी कुणी? ज्याच्याकडं रोजची दुसरी गाडी आहे, ज्याची काजूची बाग किंवा रताळ्याचं शिवार डांबरापासून आत आहे, आणि ज्याला महिन्यातून एक रविवार ग्रीस गन हातात धरायला आवडतं. त्याला यापेक्षा समाधान देणारी गाडी मिळणार नाही.

कागद मात्र गाडीइतकेच बारकाईनं बघा, कारण इथल्या अर्ध्या जीपा कोल्हापूरच्या एमएच-०९ पासिंगच्या असतात. त्या बेळगावच्या केए-२२ किंवा चिकोडीच्या केए-२३ ला आणायच्या तर आधी तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी राहिली की नवा नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकचा कर वेगळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ते झालेलं नसेल तर थकलेली फी किती, हे आधी काढा. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, इंधन पेट्रोल लिहिलंय आणि बॉनेटखाली डिझेल निघालं, किंवा इंजिनाचा नंबर जुळला नाही, तर ते काम विकणाऱ्यानं पुरं करून द्यायचं. चेसिसवरचा नंबर चॉकनं घासून वाचा, आरसीशी एकेक अक्षर ताडा, आणि मगच इसाराला हात घाला.